चित्रातल्या माळवदाला वजन नसते

घराचा आराखडा संगणकावर काढायचा आणि लगेच त्याचे त्रिमितीय चित्र चहूबाजूंनी फिरवून पाहायचे, ही सोय देणाऱ्या आज्ञावल्या आता शाळेच्या संगणक-खोलीत सहज वापरता येतात. इमॅन्युएल प्युबारे या फ्रेंच प्रोग्रामरने लिहिलेली 'स्वीट होम थ्रीडी' ही त्यांतली एक. ती विनामूल्य आहे, मुक्त परवान्याखाली मिळते आणि साध्या संगणकावरही चालते. भूमिती, मोजमाप आणि प्रमाण शिकवण्यासाठी ती वापरावी असे अनेक शिक्षकांना वाटते. आम्हालाही वाटते. परंतु कोणतेही साधन वर्गात नेण्यापूर्वी ते आपल्या मातीवर घासून पाहावे. म्हणून आम्ही बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या भूम परिसरातले जुन्या पद्धतीचे माळवदाचे घर डोळ्यांसमोर ठेवले आणि ते या आज्ञावलीत कसे बसते ते तपासले. हे परीक्षण त्याच तपासणीचे आहे.

प्रथम भिंत. नवी भिंत काढली की आज्ञावली तिची जाडी ७.५ सेंटिमीटर आणि उंची २५० सेंटिमीटर धरते. ही जाडी आतल्या पातळ आडभिंतीची झाली. मराठवाड्यातली दगडमातीची भिंत दोन फुटांपासून पुढे असते. पसंतीच्या तक्त्यात आकडा बदलता येतो, पण तो फक्त पुढे काढायच्या भिंतींना लागू होतो. आधी काढलेल्या भिंती निवडून त्यांची जाडी वेगळी बदलावी लागते, आणि खरी गडबड तेथेच होते.

ही आज्ञावली भिंत मोजते ती तिच्या मध्यरेषेवर. आपण घरात टेप धरतो तेव्हा मात्र आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजतो. समजा, खोली आतून ४ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद आहे. म्हणजे क्षेत्रफळ १२ चौरस मीटर. हेच आकडे जसेच्या तसे भरले आणि भिंत ७.५ सेंटिमीटरची असली, तर पडद्यावरची खोली ३.९२५ × २.९२५ मीटरची, म्हणजे साधारण ११.५ चौरस मीटरची होते. चूक ४ टक्क्यांची. ती कोणाच्या लक्षातही येणार नाही. आता भिंत ६० सेंटिमीटरची करा. खोली ३.४ × २.४ मीटरची होते, क्षेत्रफळ ८.१६ चौरस मीटर. एक-तृतीयांश खोली भिंतीने गिळली! आत ठेवलेले कपाटही निम्मे भिंतीत गेलेले दिसते आणि विद्यार्थी म्हणतो, "सर, प्रोग्राम बिघडला." बिघडलेले काहीच नसते. आतल्या मापात भिंतीची पूर्ण जाडी मिळवून ४.६ आणि ३.६ मीटर भरले की खोली बरोबर १२ चौरस मीटरची होते. ही जाडी का मिळवायची, हा प्रश्न वर्गात अवश्य विचारावा. दोन्ही टोकांना अर्धी-अर्धी जाडी, हे उत्तर मुलांनी स्वतः काढले तर तो एक चांगला तास होईल.

दुसरी अडचण काटकोनाची. माउसने भिंत ओढताना आज्ञावली तिला १५ अंशांच्या पटीत खेचून घेते. या सोयीला तेथे 'चुंबकत्व' असे नाव आहे. नव्या इमारतीसाठी ते उपयोगी आहे. जुने घर मात्र गल्लीच्या वळणाप्रमाणे, शेजाऱ्याच्या भिंतीला टेकून उभे राहिलेले असते. ४ × ३ मीटरच्या खोलीचे कर्ण दोन्हीकडून मोजून पाहा. पायथागोरसच्या सिद्धांताप्रमाणे ते प्रत्येकी ५ मीटर यायला हवेत. गवंडीही काटकोन साधताना हेच ३-४-५ चे माप वापरतो. एक कर्ण ४.९ आणि दुसरा सुमारे ५.१ मीटर आला, तर खोलीचा कोपरा ९० ऐवजी ८७.६ अंशांचा आहे. आज्ञावली तो न सांगता ९० करून टाकते. चुंबकत्व पसंतीच्या तक्त्यात बंद करता येते. विंडोजवर आल्ट कळ दाबून धरली तर तेवढ्यापुरते थांबते. सोयीसाठी केलेली दुरुस्ती मोजमापाच्या जागी बसली की चित्र नीटनेटके होते आणि खोटेही.

किरकोळ अडचणी थोडक्यात सांगतो. खोलीच्या साधनाने आत दोनदा क्लिक करूनही जमीन उमटली नाही, तर कोठेतरी दोन भिंतींची टोके जुळलेली नाहीत. चित्र मोठे करून ती एकमेकांवर आणावीत. भिंत दिसेनाशी झाली, तर एकक तपासावे. सेंटिमीटरच्या चौकटीत ४ मीटरसाठी नुसता ४ लिहिला, तर चार सेंटिमीटरचीच भिंत मिळणार. कागदावरचा नकाशा पार्श्वभूमीला घेताना प्रमाण ठरवण्यासाठी सर्वांत लांब ज्ञात अंतर निवडावे. दाराची रुंदी घेऊन प्रमाण ठरवले, तर त्यातली बोटभर चूक घराच्या लांबीत कित्येक पटींनी वाढते.

सूर्यप्रकाशाची सोय मात्र आम्हाला मनापासून आवडली. आराखड्यावरच्या होकायंत्राला उत्तर दिशा, अक्षांश आणि रेखांश देता येतात. वरच्या दर्जाचे चित्र बनवताना तारीख आणि वेळ दिली की उजेड त्याप्रमाणे पडतो. आज्ञावलीने स्वतःहून धरलेले ठिकाण बदलून तेथे भूमचे अक्षांश सुमारे १८.५ उत्तर आणि रेखांश ७५.७ पूर्व भरावेत. मग अंगणात एक खांब उभा करून १३ मेच्या सुमारास दुपारी साधारण १२ वाजून २३ मिनिटांचे चित्र काढावे. त्या सुमारास सूर्य येथे डोक्यावर येतो. खांबाची सावली पायाशी नाहीशी व्हायला हवी. २२ डिसेंबरला तोच सूर्य दुपारी फक्त ४८ अंश उंचीवर असतो. शाळेच्या मैदानातली खरी सावली आणि पडद्यावरची सावली शेजारी ठेवून तपासता येते. प्रतिकृती खरी की खोटी हे निसर्गालाच विचारण्याची ही संधी आहे.

आता छप्पर. मूळ आज्ञावलीत छप्पर काढण्याचे स्वतंत्र साधन नाही. माळवदासाठी वस्तूंच्या यादीतली साधी पेटी घ्यावी, तिची लांबी-रुंदी घराएवढी, जाडी ५० सेंटिमीटर आणि जमिनीपासूनची उंची भिंतीएवढी करावी. खाली खांब आणि तुळया उभ्या-आडव्या पेट्यांच्याच कराव्या लागतात. उजेडासाठी माळवदाला ठेवलेले भोक, म्हणजे साणे, या नावाची वस्तू यादीत सापडत नाही. एवढे करून चित्र सुंदर दिसते. आणि आमचा मुख्य आक्षेप येथेच आहे.

या पेटीला वजन नाही. खाली खांब ठेवा की काढून टाका, माळवद हवेत तसेच राहते. प्रत्यक्षात काय असते? १२ चौरस मीटरवर ५० सेंटिमीटर माती म्हणजे ६ घनमीटर. घनमीटरला १,६०० किलो धरले, तर ९,६०० किलो, जवळजवळ दहा टन. पावसात भिजल्यावर त्याहून जास्त. तेवढ्याच खोलीवर १२ सेंटिमीटरचा काँक्रीटचा स्लॅब सुमारे साडेतीन टनांचा होतो.

या हिशेबाची किंमत आपल्या जिल्ह्याने मोजली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच दगावली. उमरग्याच्या बाजूची सास्तूरसारखी गावे उद्ध्वस्त झाली. भूकंपाची तीव्रता रिश्टर मापावर सहाच्या थोडी वर होती. माणसे मेली ती मुख्यतः जड माळवदाखाली आणि मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली. भिंतीचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांना बांधणारे आरपार दगड त्यांत नव्हते. हादऱ्याने थर सुटले. नंतर जुनी घरे बळकट करताना जे उपाय सुचवले गेले, त्यांत माळवदावरची माती कमी करणे, भिंतीत आरपार दगड बसवणे आणि खांब-तुळईच्या जोडाला तिरके आधार देणे हे प्रमुख होते. यांतला एकही उपाय आपल्या त्रिमितीय चित्रात फरक दाखवत नाही. बळकट घर आणि धोक्याचे घर पडद्यावर अगदी सारखेच देखणे दिसते.

हा दोष आज्ञावलीचा म्हणावा का? ती सजावट आणि मांडणी यांसाठी बनवली आहे. ती ताकद मोजण्याचा दावा करीत नाही. पण चित्र जितके हुबेहूब, तितका पाहणाऱ्याचा विश्वास वाढतो. फळ्यावरच्या खडूच्या चौकोनाला घर समजण्याची चूक कोणी करीत नाही. सावल्या पडलेल्या, रंग दिलेल्या चित्राबाबत ती होते. म्हणून शाळेत ही आज्ञावली वापरावी, पण एकटी वापरू नये, असे आमचे मत आहे.

त्यासाठी एक साधा तक्ता पुरेल. प्रत्येक विद्यार्थ्याने आपले घर मोजावे आणि वहीत तीन रकाने आखावेत: टेपने मोजलेले, पडद्यावर आलेले, दोहोंतील फरक. शेवटच्या ओळीत छपराचे वजन लिहावे, आकारमान गुणिले घनता. या ओळीचा मधला रकाना सर्वांचाच रिकामा राहील. तो रिकामा का राहिला यावर वर्गात बोलावे. मात्र एवढ्या हिशेबावरून कोणाचे घर सुरक्षित की असुरक्षित हे ठरवू नये; शंका आली तर जाणत्या अभियंत्याला घर दाखवावे. आकडे मुलांनी घरी नेले आणि वडीलधाऱ्यांनी पावसाळ्यापूर्वी माळवदावर आणखी एक थर चढवण्याआधी ते पाहिले, तरी संगणकाच्या त्या तासाचे चीज झाले.