वणीचा गड, मल्लखांब आणि ‘पुनरुज्जीवन’ हा शब्द

नाशिकमध्ये राहून युद्धकलांवर संशोधन करायचं म्हटलं की सप्तशृंगीच्या गडाची गोष्ट टाळता येत नाही. तुम्हीही ऐकली असेल. निजामाकडचे अली आणि गुलाब हे पैलवान दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात आव्हान देतात, बाळंभटदादा देवधर ते स्वीकारतात, वणीला देवीची उपासना करतात आणि मारुती दृष्टांत देऊन लाकडावरचे डाव शिकवतो. तोच मल्लखांब.

आता मल्लखांबावरचा कुठलाही परिचयपर लेख काढा. पहिल्या परिच्छेदात सोमेश्वराचा ‘मानसोल्लास’ (सुमारे ११३१), दुसऱ्यात थेट देवधर, आणि मध्ये एकच शब्द: पुनरुज्जीवन. माझा आक्षेप या शब्दाला आहे. साडेसहाशेहून जास्त वर्षं तो एकटा उचलतोय! ‘मानसोल्लासा’त मल्लांच्या मेहनतीत खांबावरची कसरत येते, हे खरं. पण तेवढ्यावरून आजच्या अढी, तेढी, बगली, दसरंग तेव्हा होत्या असं ठरत नाही. खांब जुना असेल, पकडी नव्या असू शकतात.

मग दृष्टांताची गोष्ट टाकून द्यायची? मुळीच नाही. उगमाचा पुरावा म्हणून ती कच्ची आहे, पण दुसऱ्या कशाचा तरी पुरावा म्हणून पक्की. परके पैलवान, पेशव्यांचा दरबार, ब्राह्मण गुरू, देवी आणि मारुती. ताकद कोणाची आणि ती कोणाच्या आशीर्वादाने आली, हे ठरवणारी ही गोष्ट आहे. शाओलिनच्या बोधिधर्माचंही असंच झालं. ज्या ‘यीजिनजिंग’वर ती कथा उभी होती तो ग्रंथ सतराव्या शतकातला निघाला, तांग हाओने विसाव्या शतकात ते दाखवलं. पण कथा लोकांना का हवी होती, हा प्रश्न उरलाच.

व्याख्येचा घोळ याहून अवघड. ‘मार्शल आर्ट’मधला ‘मार्शल’ रोमन युद्धदेव मार्सवरून आलेला. त्या मापाने बघा: मल्लखांबात समोर प्रतिस्पर्धीच नाही, एरंडेल लावलेलं लाकूड आहे. कोल्हापूरकर तलवार, पट्टा, विटा चालवतात आणि त्याला मर्दानी ‘खेळ’ म्हणतात. डिसेंबर २०२० मध्ये खेलो इंडियात कलरीपयट्टू, गतका आणि थांग-ता यांच्यासोबत मल्लखांब आला तोही ‘देशी खेळ’ म्हणूनच. ‘प्रत्यक्ष लढाईसाठी’ अशी व्याख्या केली तर मल्लखांब बाहेर जातो. ‘लढण्यासाठी शरीर घडवणं’ अशी केली तर तो आत येतो, पण मग दंड-बैठकाही येतात, आणि त्यांना बाहेर ठेवायला वेगळं कारण द्यावं लागतं.

माझ्या मते आधी ‘मेहनत’ हा आखाड्यातलाच शब्द तपासावा. जोर काढणं, लाल माती खणणं, खांबावर चढणं हे सगळं तिथे मेहनतच. कुस्ती वेगळी, पण मेहनतीशिवाय नाही. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये ‘युद्धकला’ लिहिलं असेल, तर आखाड्यातला माणूस त्याच गोष्टीला काय म्हणतो, हे शेजारी लिहून बघा. दोन शब्द जुळले नाहीत, तर मार्गदर्शकांकडे जाताना तेच घेऊन जा.