खाण, माती आणि ताट

आनुवंशिकतेवर आपल्या भाषेत लिहिला गेलेला सर्वांत छोटा आणि सर्वांत लोकप्रिय ग्रंथ तीन शब्दांचा आहे : 'खाण तशी माती'. सोयरीक जुळवताना, मुलगा नापास झाला म्हणजे, सून फटकळ निघाली म्हणजे, आणि अलीकडे कोणाच्या रक्तात साखर सापडली म्हणजे आपण तो उघडतो आणि लगेच मिटून ठेवतो. वाचायला काही उरतच नाही. आजोबांना मधुमेह, वडिलांना मधुमेह, आता चिरंजीवांना. कथावस्तु पहिल्याच पानावर संपली. फराळाचे ताट पुढे घेऊन हा अंक चाळणाऱ्या घरांतून या क्षणीही कोणीतरी म्हणत असेल, "आमच्या घराण्यातच आहे ते, एक अनारसा सोडून काय होणार?" आणि दुसरा उचलत असेल.

मी धंद्याने मास्तर आणि हौसेने कादंबरीकार. मॅट्रिकपुढे मजल गेली नाही, तेव्हा वैद्यकावर मत देण्याचा माझा अधिकार शून्य. परंतु घराण्याचा रोग ही मुळात सांगितली जाणारी गोष्ट असते, आणि गोष्ट नीट सांगितली आहे की नाही एवढे बोलण्याचा हक्क मी थोडाफार मिळवला आहे. 'खाण तशी माती' ही गोष्ट वाईट सांगितलेली आहे. तिच्यात पात्रे आहेत, पण त्यांना करायला काही नाही.

हीच गोष्ट एका थोर लेखकाने विस्ताराने सांगितली होती. फ्रान्सच्या एमिल झोलाने १८७१ ते १८९३ या काळात एकाच घराण्यावर वीस कादंबऱ्या लिहिल्या. एका वेडसर पूर्वज स्त्रीच्या रक्तातला दोष मुला-नातवंडांत, पतवंडांत कसा फुटत जातो, हे त्याला दाखवायचे होते. झोलावर अन्याय नको. रक्ताच्या जोडीला त्याने गिरण्या, खाणी, दारूची दुकाने आणि उपासमारही तितक्याच तपशिलाने मांडली. परंतु वाचकाच्या ध्यानात राहते ते रक्तच. परिस्थिती मागच्या पडद्यावर रंगवलेली राहते.

या वीस खंडांना खरे उत्तर मराठी मुलखात लिहिले गेले आहे, आणि त्याकडे वाङ्मय म्हणून कोणी पाहिलेले नाही. मी राहतो नाशकात, द्वारकेला. आमच्या चौकातून पुण्याचा रस्ता फुटतो. त्या पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल आणि त्यांचे सहकारी यांनी बायका मोजल्या : गरोदर होण्याच्या आधी, गरोदरपणात, आणि मग त्यांची मुले, जन्मल्यापासून आजपर्यंत. नवऱ्यांचीही मापे घेतली. कोण काय जेवली, किती राबली, रक्तात काय होते, सारे लिहून ठेवले. तीस वर्षे एका कथेला चिकटून राहणारा कादंबरीकार मला तरी ठाऊक नाही.

या कादंबरीतले पहिले आश्चर्य असे की, नायक जन्मतःच फसवा आहे. खेड्यातले पूर्ण दिवसांचे बाळ सरासरी पावणेतीन किलोच्या आतबाहेर, साउदॅम्प्टनचे साडेतीन. आपले बाळ रोड, हे उघडच. पण तराजूऐवजी चिमट्याने त्याच्या पाठीची कातडी मोजली तेव्हा दिसले की स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, आणि चरबी मात्र त्या मानाने पुष्कळशी शाबूत. २००३ साली हे प्रसिद्ध झाले. बारीक, तरी लठ्ठ! मराठी आजीने बाळाला पाहून "हाडं कशी नाजूक आहेत" असे म्हणावे, आणि आत हे चाललेले असावे. याज्ञिकांचे म्हणणे असे की, पोटात असताना ज्याला तुटपुंजे मिळते ते मूल मेंदू राखते आणि बाकीच्या ठिकाणी काटकसर करते. दुष्काळाच्या बेताने बांधलेल्या घरात पुढे सुकाळ राहायला येतो, बसकामाची नोकरी येते, दारापुढे मोटारसायकल येते, आणि घर तडकते.

दुसरे पान मला या साऱ्या लिखाणात सर्वांत आवडते, आणि ते एक छायाचित्र आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टर शेजारी शेजारी उभे राहिले : लंडनचे जॉन युडकिन आणि आपले याज्ञिक. उंचीच्या मानाने वजनाचा जो आकडा काढतात, तो दोघांचा एकच, २२.३. कोणीही दोघांना सडपातळच म्हणेल. पण अंगातली चरबी युडकिनांची शेकडा ९.१, आणि याज्ञिकांची २१.२. खालच्या मजकुरात असे सांगितले आहे की, युडकिन मॅरेथॉन धावतात आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रुग्णालयाच्या लिफ्टचे दार मिटण्याआधी ते गाठणे. पुढे, रक्ताचा वाटा किती ते अजून ठरायचे आहे असे म्हणून, जन्मतः आपले वजन कमी होते हेही याज्ञिक सांगतात. एवढ्याशा जागेत रक्त, गर्भ आणि दिनक्रम, तिघेही हजर आहेत आणि एकालाही खलनायक केलेले नाही. लेखक स्वतःवर हसतो आहे. घराण्याच्या रोगावर मराठी घरात असे हसणे मी ऐकलेले नाही. तिथे एक तर सुतक असते, नाही तर अनारसा.

तिसरे प्रकरण ताटाचे. त्या सहा गावांत कोणत्या आयांची बाळे भरली? पोळी-भाकरी जास्त खाणाऱ्यांची, असे आपण म्हणू. २००१ साली जे छापून आले ते निराळे होते. एकंदर खाण्याच्या राशीशी बाळाच्या वजनाचे नाते फारसे जुळले नाही. जुळले ते दूध, पालेभाजी आणि फळ यांच्याशी. पुढे २००८ साली आणखी एक धागा सापडला. साठ टक्क्यांहून अधिक आयांच्या रक्तात बी-बारा हे जीवनसत्त्व कमी होते. ते दुधात, अंड्यात, मासळी-मटणात असते, भाजीत नसते. ज्यांच्यात बी-बारा कमी आणि फॉलिक आम्ल जास्त, त्यांच्या मुलांच्या अंगात सहाव्या वर्षी इन्सुलिन सर्वांत कमी दाद मिळवत होते. (म्हणून कोणी दवाखान्यातून मिळालेल्या गोळ्या बंद करू नयेत. समीक्षकाचे ऐकून औषध सोडणारा वाचक मला नको.)

आता माझा आक्षेप. दूध आणि पालेभाजी ज्या घरात रोज आहे त्या घरात बहुधा म्हैस आहे, विहीर आहे, आणि सुनेच्या ताटाकडे पाहणारे कोणी आहे. बाळ दुधाने वाढले की जमिनीने, हे निरीक्षणावरून कसे कळावे? ही शंका त्या मंडळींनाही आली असावी, कारण पुढचा खंड मुंबईच्या झोपडपट्ट्यांत लिहिला गेला. डॉ. रमेश पोतदार आणि त्यांच्या सोबत्यांनी साडेसहा हजार बायकांच्या दोन वाटण्या केल्या. एकीला रोज पालेभाजी, फळ आणि दूध घालून केलेला खाऊ. दुसरीला बटाटा-कांद्याच्या जातीचा. गरोदर होण्याच्या आधीपासून. वजनात फरक पडला तो थोडा, सरसकट पाहता नगण्यच; तीन महिने वा अधिक आधीपासून खाल्लेल्यांत साधारण पन्नास ग्रॅम, आणि तोही फारशा कृश नसलेल्या बायकांत. अगदी हाडकुळी होती तिला मूठभर खाऊ पुरला नाही. मात्र गरोदरपणातला मधुमेह एका वाटणीत शंभरांत बाराजणींना झाला, खाऊच्या वाटणीत सातजणींना. त्या खोल्यांतही कोणाची आई, कोणाची आजी मधुमेही असणारच. माती त्याच खाणीतली होती.

हे मी वाचत होतो त्या दिवसांत माझी भाची बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. माझ्या आईला साखर होती, थोरल्या बहिणीला आहे, आणि भाची सातव्या महिन्यात. घरातल्या वडीलधाऱ्या आत्याबाई तिचा भात काढून घेत. "पोटभर जेवलीस तर बाळ मोठं होईल गं, सुटका जड जाईल." भाची हसून म्हणाली, "मामा, आजीला झाली, आईला झाली, आता माझा नंबर. दूध पिऊन का कुठे नंबर बदलतो?" मी तिला मुंबईचे आकडे वाचून दाखवले. ती शिकलेली, लगेच म्हणाली, "पण त्यांनी आधीपासून खाल्लं होतं ना?" तिचे वाचन माझ्याहून चोख होते. तिच्या बाबतीत तेवढी पाने उलटून गेली होती. पण साखरेची तपासणी उरली होती, संध्याकाळचे चालणे उरले होते, आणि काढून घेतलेला भात परत वाढून घेणे उरले होते, एका वाटी मेथीसह. आत्याबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

बाळंतपणाच्या पलीकडे गेलेल्या आम्हा चाळिशी-पन्नाशीच्या वाचकांसाठी वेगळा खंड मद्रासेकडचा आहे. साखर चढू लागलेल्या, पण अद्याप मधुमेह न झालेल्या माणसांना तिथे तीन वर्षे आहार आणि चालणे यांचा धडा दिला. २००६ साली निकाल आला. असा धडा न दिलेल्यांत शंभरांतील पंचावन्नांना मधुमेह झाला, धडा घेतलेल्यांत एकोणचाळिसांना. एकोणचाळीस थोडे नव्हेत. ज्याला रोग पूर्ण टळल्याची गोष्ट हवी त्याने ही वाचू नये. आणि काही रोग असे आहेत की तिथे म्हणच खरी ठरते : सिकलसेलचा वारसा मेथीने पुसला जात नाही, तिथे लग्नाआधीची रक्ततपासणीच कामाची. मधुमेहाचे तसे नाही. त्याचे वारसे शेकडो, आणि बहुतेक एकेकाचे वजन चिमूटभर.

माझी शेवटची तक्रार या ग्रंथापेक्षा त्याच्या वाचकांवर आहे. "आईच्या पोटातच ठरते" एवढे एक वाक्य उचलून लोक सुनेच्या माथी मारू लागले आहेत. जिथे रक्त होते तिथे आता आई बसवली, म्हण तीच राहिली. मूळ पुस्तक तसे सांगत नाही. ज्या बीजातून आपण झालो ते आपली आई आजीच्या पोटात असतानाच तयार झालेले असते. म्हणजे दोष शोधत जायचे तर आजीच्या ताटापर्यंत जावे लागेल, आणि ते ताट सर्वांची जेवणे आटोपल्यावर मांडले जाई. कोण शेवटी जेवते याचा रकाना त्या वह्यांत आहे की नाही, हे मला वाचताना पुनःपुन्हा विचारावेसे वाटले. आमच्या द्वारकेच्या पुलावरून रात्री मेथी-कोथिंबिरीच्या गाड्या मुंबईकडे जातात. ज्या बायकांनी ती जुडी बांधलेली असते त्यांच्या घरी सकाळी कोणती भाजी शिजते, तेही एखाद्याने जाऊन पाहावे.