खर्ज मोकळा होतो तेव्हा

सोनीचे डब्ल्यूएफ-१०००एक्सएम५ हे इअरबड्स २०२३ साली आले. त्यांच्याविषयी बोलताना लोक बहुधा आतल्या प्रोसेसरपासून सुरुवात करतात. आपण मात्र टोकावरच्या त्या काळ्या, मऊ इअरटिपपासून सुरुवात करू या. पॉलियुरेथेन फोमची ही इवलीशी वस्तू दोन बोटांच्या चिमटीत दाबली की मिटते आणि सोडली की आपल्या गतीने उमलत जाते. मिटलेल्या अवस्थेत ती कानात सरकवावी, क्षणभर बोटाने धरून ठेवावी, आणि कानाच्या वाटेचा आकार घेत ती फुलू लागली की काय काय घडतं ते सावधपणे ऐकावं. आधी भोवतालच्या आवाजांची वरची टोकं बोथट होतात. भांड्यांचा खणखणाट, कागदाची सळसळ, चाव्यांची किणकिण मागे सरते. इथवर विजेचं काहीच काम झालेलं नसतं. ही सारी किमया केवळ नीट बसण्याची असते.

या बसण्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे, म्हणून तिथे आणखी थोडं रेंगाळू या. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर तारेखालचं सूत घोडीवर किंचित पुढे सरकवतो, किंचित मागे घेतो, आणि केसभर अंतरावर तीच तार मुकी असते किंवा झंकारू लागते. इअरटिपचं माप तसंच आहे. एक माप लहान पडलं की फटीतून खालचे स्वर गळून जातात, गाणं पोकळ होतं आणि बाहेरची घरघर आत शिरते. योग्य माप लाभलं की तोच बड, तेच गाणं भरून येतं. सुख, स्वर आणि शांतता असे आपण तीन वेगळे गुण मानतो, पण इथे त्यांचं मूळ एकच आहे.

आता शांततेकडे वळू. ती केवळ आवाज अडवून आलेली नसते, आवाजाला आवाजानेच भेटूनही आलेली असते. ध्वनिलहरीच्या चढाला नेमका उतार आणि उताराला नेमका चढ समोर आणला की दोन्ही मावळतात, ही कल्पना पॉल ल्यूग या जर्मन संशोधकाने मांडली आणि तिला १९३६ साली अमेरिकी पेटंट मिळालं. तिला कानापर्यंत यायला मात्र फार वेळ लागला. १९७८ साली झुरिकहून बोस्टनला परतताना बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस यांनी विमानात हेडफोन लावले, इंजिनाच्या घरघरीत संगीत बुडालेलं त्यांना ऐकू आलं, आणि त्याच प्रवासात त्यांनी या प्रश्नाचं गणित मांडायला घेतलं. वैमानिकांसाठीचा त्यांच्या कंपनीचा हेडसेट १९८९ मध्ये विक्रीला आला. त्या काळी जे काम दोन्ही कान झाकणाऱ्या जड संचाला करावं लागे, ते आज प्रत्येकी ५.९ ग्रॅमचे, म्हणजे जुन्या मापाने जेमतेम अर्ध्या तोळ्याचे हे दोन बड करतात. प्रत्येक बडमध्ये तीन मायक्रोफोन असतात: एक बाहेर कान देऊन असतो, दोन आत. आतल्यांचं काम मला विशेष मोहवतं. कानात एकाच वेळी गाणंही असतं आणि झिरपून आलेला गोंगाटही. त्यातलं कुठलं ठेवायचं आणि कुठलं विरवायचं? वाजवायचं गाणं प्रोसेसरला आधीच ठाऊक असतं. ते वजा करून जे उरतं, तेवढ्यावरच तो उलटी लहर पाठवतो.

या नीरक्षीरविवेकाचा खरा आस्वाद लोकलमध्ये घ्यावा. किशोरी आमोणकरांचा भूप लावावा. गायिकेचा षड्ज काळी चारचा धरला तर तो साधारण २०८ हर्ट्झवर असतो आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, १०४ हर्ट्झच्या आसपास. दुर्दैव असं की मोटारींची घरघर, पंख्यांची भणभण आणि चाकांचा दणदणाट यांचा मोठा भागही त्याच खालच्या प्रदेशात नांदतो. साध्या इअरफोनवर गायिकेचा गळा ऐकू येतो, पण त्याच्या खालची जमीन नाहीशी झालेली असते. मग आपण आवाज वाढवतो, गळा कर्कश होतो आणि खर्ज तरीही सापडत नाही. गोंगाट विरवण्याचं हे तंत्र नेमकं खालच्या, सलग आवाजांवर सर्वांत प्रभावी ठरतं. घरघर ओसरते आणि तिच्याखाली दडलेला खर्ज मोकळा होतो. मध्यम आणि निषाद वर्ज्य असलेल्या भूपात मुळात किती अवकाश आहे! गंधारावरचा ठेहराव, त्यानंतरची निःशब्द जागा आणि त्या जागेत अखंड तेवत राहिलेला तंबोरा हे सारं भर गर्दीत, खांद्याला खांदा लागलेला असताना आपल्या वाट्याला येतं. फेरीवाल्याची आरोळी किंवा शेजाऱ्यांचं बोलणं पूर्ण जात नाही, बारीक होऊन उरतं. मला त्याची खंत वाटत नाही. आपण कुठे आहोत याचं भान तेवढ्याने राहतं.

स्वराच्या रंगाविषयीही सांगायला हवं. ८.४ मिलिमीटरच्या ड्रायव्हरचा, म्हणजे आतल्या इवल्या स्पीकरचा, कल थोडा उबेकडे आहे. डग्ग्याची घुमक मूळपेक्षा जरा भरीव येते. सुगम संगीताला ती साजते, ख्यालाला ॲपमधून एखादी पायरी खाली आणलेली बरी. ब्लूटूथवरून ध्वनी पाठवणारा एलडॅक कोडेक सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत तपशील वाहून नेतो, पण आयफोनवर त्याची सोय नाही. बॅटरी गोंगाट विरवत असतानाही आठ तास पुरते. गुळगुळीत कवच डबीतून काढताना बोटांतून निसटू पाहतं, हे उणं आहेच. लोकलच्या दाराशी उभं राहून ते हाताळू नये. चालताना आपलीच पावलं आतून धपधपतात, म्हणून भूपासाठी बसण्याची जागा गाठावी.

एक सोय मात्र रसिकाने जाणून बंद ठेवावी. आपण बोलू लागलो की गाणं आपोआप थांबवून भोवतालचे आवाज आत सोडण्याची व्यवस्था यात आहे. तिकीट तपासनीस समोर आला तर ती कामाची. पण सोबत गुणगुणलं तरी ती जागी होते, आणि समेवर उत्स्फूर्त 'वाहवा' निघावी तर गाणंच थबकायचं. आपली दाद गाण्याच्या अंगाचीच असते, ती गिळून ऐकणं आपल्याला जमणार नाही.

कानाला हायसं वाटतं ते शेवटी आवाज कमी ठेवता येतो म्हणून. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी सरासरी ८० डेसिबल पातळीवर आठवड्याला ४० तासांची मर्यादा सांगते. घरघरीशी झुंजायचं उरलं नाही की आपण सहज त्या पातळीच्या बऱ्याच खाली राहतो, आणि मंद आवाजातच मींडेचे बारकावे अधिक उलगडतात. तेव्हा घेतलेत तर घाई करू नका. सोबत येणारी चारही मापं एकेक करून लावून पाहा, डाव्या-उजव्या कानाला वेगळं माप लागलं तर तसंच ठेवा, आणि पहिलं गाणं लावताना आवाज निम्म्याच्या खाली असू द्या.