चिंचवडची कथा : पूर्वार्ध आणि उत्तरार्ध

देवस्थानाच्या कथेला टीकेची कसोटी लावू नये, असे पुष्कळांना वाटते. मला तसे वाटत नाही. जी कथा लोकांनी पिढ्यान् पिढ्या सांगितली, तिला चांगल्या कादंबरीइतकाच चोखंदळ वाचक मिळायला हवा. चिंचवडच्या मोरया गोसावींची कथा मी या दृष्टीने वाचतो, तेव्हा तिचे दोन भाग सरळ वेगळे पडतात. पूर्वार्ध सरस आहे. उत्तरार्धात कथेचा तोल गेला आहे.

पूर्वार्ध आपल्या घराघरांतून सांगितला जातो. मोरया हे मोरगावच्या मयूरेश्वराचे भक्त. चिंचवडहून मोरगाव सुमारे ऐंशी किलोमीटर. ही वारी ते नेमाने पायी करीत. वय झाले, पाय थकले, तेव्हा देवाने दृष्टान्त दिला की, यापुढे तू येऊ नकोस, मीच तुझ्याकडे येतो. पुढे कऱ्हेत स्नान करीत असताना त्यांच्या ओंजळीत मूर्ती आली. चिंचवडच्या मंगलमूर्ती वाड्यात पुजली जाते ती हीच, अशी श्रद्धा आहे.

मोरयांचा काळ कोणी चौदाव्या शतकात नेतात, कोणी सतराव्यात आणतात. पवनेकाठच्या समाधिमंदिराच्या शिलालेखाप्रमाणे बांधकामाचा आरंभ शके १५८० च्या कार्तिकात, म्हणजे १६५८ साली झाला आणि पुढल्या आषाढात ते पुरे झाले. कालनिर्णय विद्वानांनी अवश्य करावा. परंतु थकलेल्या म्हाताऱ्याकडे देवाने स्वतः चालत यावे, ही कल्पना तारखेवाचूनही मनाला पटते.

उत्तरार्धात हा देव वंशात शिरतो. मोरयांचे पुत्र चिंतामणी हे साक्षात गणपतीचा अवतार ठरले. तुकोबांनी त्यांना 'देव' म्हटले व तेच घराण्याचे आडनाव झाले, अशी आख्यायिका आहे. हा अवतार सात पिढ्या चालला म्हणतात. औरंगजेबाने झाकून पाठविलेल्या ताटातील मांसाची फुले झाली आणि त्याने आठ गावे इनाम दिली, हीही कथा याच भागातली. चमत्काराला माझी हरकत नाही. हरकत आहे ती अशी, की पूर्वार्धातील नायक काही करतो. उत्तरार्धातील नायकाला नुसते जन्माला यावे लागते.

आणि त्याची किंमत कोणी दिली? १८०९ साली मराया ग्रॅहम नावाची इंग्रज बाई चिंचवडला आली होती. तिचे प्रवासवर्णन १८१२ मध्ये छापले गेले. त्या वेळचा 'देव' बारा वर्षांच्याही आतला मुलगा होता. इतर मुलांशी त्याला खेळू देत नसत, संस्कृतावाचून दुसरी भाषा बोलू देत नसत, असे ती लिहिते. त्याच्या डोळ्यांत तिला एक बावरलेली झाक दिसली. रोज अफू दिल्यामुळे ती आली असे तिला सांगण्यात आले. परकीय पाहुणीचे सगळेच खरे मानू नये, हे मी जाणतो. पण मी शाळामास्तर आहे. पाचवी-सहावीतल्या वयाचे ते पोर मला वर्गात बसलेले दिसते आणि मग त्या अवताराची थोरवी ऐकवत नाही. पुढल्याच वर्षी, १८१० मध्ये, ती अवतारपरंपरा खुंटली.

कादंबरी असती तर इथे संपली असती. चिंचवडची कथा संपली नाही, आणि यातच तिचा खरा निकाल आहे. देवाने येऊ नकोस म्हणून सांगितले होते. तरी भाद्रपदात आणि माघात मंगलमूर्तीची पालखी चिंचवडहून मोरगावला जातेच. आज भोवती कारखाने आहेत, महानगर आहे. वारी चुकलेली नाही. अवतार थांबला, चालणे थांबले नाही. लोकांनी उत्तरार्ध बाजूला ठेवून पूर्वार्ध उचलला. गणपती बसताना आणि विसर्जनाला निघताना अवघा महाराष्ट्र 'मोरया' म्हणून गर्जतो, तेव्हा देवाच्या नावाला जोडून भक्ताचेच नाव घेतो, वंशजांचे नव्हे. याहून परखड टीका कोणता टीकाकार करील?

दिवाळी सरली की मार्गशीर्ष वद्य षष्ठीला मोरयांच्या समाधीचा उत्सव येतो. मुलांना घेऊन अवश्य जावे. त्यांना ओंजळीतल्या मूर्तीची गोष्ट सांगावी; आणि थोडी मोठी असतील, तर त्या मुलाचीही सांगावी.