उघडे पडणे आणि उघड करणे : संत बहिणाबाईंच्या आत्मनिवेदनाचे फेरवाचन

संत बहिणाबाईंच्या आत्मनिवेदनावर मी पहिला लेख लिहिला तेव्हा पस्तिशीत होते. त्या लेखातले एक वाक्य मला आज मागे घ्यायचे आहे. पूर्वजन्मांविषयीचे अभंग म्हणजे मूळ चरित्रावर मागाहून चढवलेली पुराणाची झूल आहे, असे मी ठामपणे लिहिले होते. त्यासाठी मी एकही हस्तलिखित ताडून पाहिले नव्हते, की भाषेचा पुरावा तपासला नव्हता. विधान धीट वाटले, कुणी हरकतही घेतली नाही. पुढे वर्गात वीसेक वर्षे मी तेच शिकवले. आता सत्तरीत ती गाथा पुन्हा वाचताना, तेव्हा मी असे का लिहिले, हा प्रश्न मला गाथेइतकाच महत्त्वाचा वाटू लागला आहे.

या बहिणाबाई म्हणजे खानदेशच्या बहिणाबाई चौधरी नव्हेत. या सतराव्या शतकातल्या, तुकोबांच्या शिष्या. वेरूळजवळच्या देवगावच्या कुलकर्ण्यांची ही मुलगी. परंपरेने त्यांचा काळ 1628 ते 1700 असा मानला जातो. अगदी लहान वयात त्यांचे लग्न शिऊरच्या, वयाने कितीतरी मोठ्या असलेल्या बिजवराशी झाले. भाऊबंदकीमुळे घर सोडावे लागले आणि आईवडील, नवरा आणि ही मुलगी असे कुटुंब पंढरपूर, शिंगणापूर, रहिमतपूर करत कोल्हापूरला पोचले. हा सगळा प्रवास त्यांनी स्वतः अभंगांत सांगितला आहे. जस्टिन अ‍ॅबट यांनी 1929 साली त्याचे इंग्रजी भाषांतर पुण्याहून प्रसिद्ध केले आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांनी 1982 मध्ये पत्नीपण आणि संतपण यांच्या ताणाच्या अंगाने त्याचा अभ्यास केला. मराठीतही या आत्मनिवेदनाचा उल्लेख स्त्रीच्या आत्मचरित्राचा आरंभबिंदू म्हणून वारंवार होतो.

मात्र हा उल्लेख करताना आपण सोयीचा भाग घेतो. कोल्हापूरचे प्रसंग, नवऱ्याचा मार, देहूचा प्रवास, मंबाजीचा जाच एवढे 'आत्मचरित्र' म्हणून बाजूला काढतो. अखेरीस बहिणाबाई आपल्या मुलाला, विठोबाला, आपले बारा पूर्वजन्म सांगतात, तो भाग 'श्रद्धेचा' म्हणून सोडून देतो. मीही तेच केले होते. माझे आजचे म्हणणे असे, की हे दोन भाग एकमेकांशेजारी ठेवून वाचल्याशिवाय या रचनेचा गाभा हाती लागत नाही. पहिल्या भागात अनुभव उघडा पडतो, दुसऱ्या भागात तो उघड केला जातो. या दोन क्रियापदांत एक सबंध आयुष्य आहे.

कोल्हापूरला त्यांना एक गाय आणि वासरू मिळते. वासराला या मुलीचा विलक्षण लळा लागतो. जयरामस्वामींच्या कीर्तनालाही ते तिच्यामागे जाते. तिथे त्याला बाहेर काढले जाते, पुन्हा आत घेतले जाते आणि स्वामी तिच्या डोक्यावर हात ठेवतात. गावभर बोलबाला होतो. नवरा तिला बेदम मारतो. पुढे वासरू मरते आणि ती बेशुद्ध पडते. त्या अवस्थेत तिला विठ्ठलाचे आणि तुकोबांचे दर्शन होते. ज्यांना तिने कधी पाहिलेले नाही ते तुकोबा स्वप्नात येऊन तिला मंत्र देतात.

या सबंध प्रकरणात तिने आपण होऊन कुणाला काय सांगितले, हे शोधू गेले तर हाती फारच थोडे लागते. तिचा देह बोलला. ती पडली, लोकांनी पाहिले, लोक जमले. माणसे बायकोला नमस्कार करायला येतात, आपल्याला कोण विचारतो, हा नवऱ्याचा संताप तिने लपवलेला नाही. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू करावे, हा तर त्याहून मोठा अपराध. नवरा पुढे बदलला आणि कुटुंब देहूला गेले, तरी तिथे मंबाजीने याच गोष्टीचे हत्यार केले. म्हणजे तरुणपणी तिचा अनुभव तिच्या मालकीचा राहिलाच नाही. नवऱ्याने त्याचा अपमान करून घेतला, गावाने तमाशा केला, प्रतिस्पर्ध्याने त्याची तक्रार केली.

आता शेवटचा प्रसंग पाहू. विठोबाची बायको वारली आहे. तो तिच्या उत्तरकार्यासाठी गोदावरीकाठी गेला आहे. बहिणाबाईंना आपला अंत जवळ आल्याचे जाणवते आणि त्या त्याला बोलावून घेतात. या वेळी स्थळ, काळ आणि श्रोता त्यांनी स्वतः निवडला आहे. भोवती गर्दी नाही, बेशुद्धी नाही. वृद्ध बाई शांतपणे एकेक जन्म सांगत जाते. त्या कथांतही मुलगी, विवाह, गुरू, अकाली मृत्यू हे धागे पुन्हा पुन्हा येतात. आणि मुख्य म्हणजे हा मुलगा त्या कथांच्या बाहेर नाही. आपले नाते या एकाच जन्माचे नाही, असे त्या त्याला सांगतात. श्रोता गोष्टीतला आहे, म्हणून गोष्ट त्याला सांगायची.

यावर रास्त आक्षेप घेता येईल, की संताला मरणाची आगाऊ चाहूल लागणे आणि त्याने अखेरचा उपदेश करणे हा संतचरित्रांचा ठरलेला साचा आहे. ते मला मान्य आहे. पण साचा फार तर असा प्रसंग तिथे का आहे हे सांगतो. त्या प्रसंगात काय भरले आहे, याचे उत्तर साच्यात नसते. नुकतीच बायको गेलेल्या मुलाला आई आपल्या अनेक मरणांची हकिगत सांगते, यातली माणुसकीची बाजू मी इतकी वर्षे पाहिलीच नव्हती. हा भाग कोणाच्या हातचा, हा पाठचिकित्सेचा प्रश्न उघडाच राहू दे. ज्याने कुणी ही रचना सिद्ध केली, त्याला कधी आणि कोणाला सांगावे याची पक्की जाण होती.

ही जाण वारकरी परंपरेत नवी नाही. तुकोबांनी आपली जात, व्यवसाय, दिवाळे, दुष्काळात गेलेली बायको आणि पुढचा सारा पालट सांगणारा अभंग रचला, त्यात ते आधीच संकोच व्यक्त करतात. हे बोलणे योग्य नव्हे, पण तुम्ही संतांनी विचारले म्हणून बोलतो, असा त्यांचा भाव आहे. म्हणजे ज्या आत्मकथनावर आपण तुकोबांचे चरित्र उभे करतो, तेही कुणीतरी विचारल्यामुळे घडले. अनुभव सांगण्यासाठी आधी विचारणारा लागतो.

अगदी वेगळ्या मुलखातला एक दाखला इथे उपयोगी पडेल. सर अ‍ॅलिस्टर हार्डी (1896–1985) हे इंग्लंडमधले नामवंत सागरी प्राणिशास्त्रज्ञ. 1925 ते 1927 या काळात 'डिस्कव्हरी' जहाजावरून ते अंटार्क्टिक मोहिमेवर गेले होते. समुद्रातले प्लवक सलगपणे गोळा करणारे यंत्र त्यांनी बनवले. प्राध्यापकीतून निवृत्त झाल्यावर, वयाच्या सत्तरीनंतर, 1969 साली त्यांनी ऑक्सफर्डला धार्मिक अनुभवांच्या अभ्यासाचे केंद्र काढले आणि लोकांना जाहीरपणे विचारले, की रोजच्या 'मी'हून निराळ्या अशा कुठल्या शक्तीची जाणीव तुम्हाला कधी झाली आहे का? हजारोंनी पत्रे आली. हे आजवर कुणाला सांगितले नाही, हा सूर त्यांतल्या अनेकांत होता. खुद्द हार्डींनाही शाळकरी वयात रानावनांत हिंडताना असे भारावलेपण आले होते, आणि त्याविषयी ते मोकळेपणाने बोलले ते अगदी उतारवयात. इतरांना विचारण्याचा मार्ग त्यांना आधी सापडला, स्वतः सांगण्याचा नंतर.

आता माझ्याकडे येते. मी चोवीस वर्षांची असताना आई गेली. घरच्या मोठ्यांची नाराजी पत्करून मी धाकट्या भावाबरोबर अस्थी घेऊन कायगाव टोक्याला, प्रवरासंगमावर गेले. विसर्जन झाले. भाऊ गुरुजींशी बोलत होता. मी घाटाच्या खालच्या पायरीवर बसले होते. एकाएकी पाणी, पायरी आणि मी यांच्यामधली रेघ पुसली गेली. किती वेळ ते सांगता येणार नाही, फार तर दोन-तीन मिनिटे. त्यात दुःख नव्हते. होता तो निखळ आनंद. आईची राख पाण्यात सोडून पाच मिनिटे झाली नव्हती आणि मी आनंदात होते! भानावर आल्यावर मला या गोष्टीची इतकी लाज वाटली, की ती मी गाडून टाकली. अविश्वासाची भीती फारशी नव्हती. भीती होती ती मुलगी म्हणून नापास ठरण्याची.

पस्तिशीत बहिणाबाईंचे ते अभंग समोर आले तेव्हा कुणीतरी माझ्या गाडलेल्या जागेवर कुदळ मारावी तसे झाले असणार. मी त्यांना 'झूल' म्हटले आणि पुढे गेले. माझ्या विवेकवादाबद्दल मला पश्चात्ताप नाही, आजही तो माझा आहे. खंत एवढीच, की त्या वाक्यात विवेकाचे काम भीतीने केले होते.

वय वाढले की धीर येतो, असे म्हणतात. मला तसा तो आला नव्हता. तीन वर्षांपूर्वी भाऊ आजारी होता. मी त्याच्याकडे राहायला गेले होते. एका रात्री त्याने विचारले, ''ताई, त्या दिवशी घाटावर तुला काय झालं होतं गं? मी वळून पाहिलं तर तू हसत होतीस.'' पंचेचाळीसेक वर्षे त्याने तो चेहरा जपून ठेवला होता. मी सांगितले. तो म्हणाला, ''मला वाटलंच होतं, आईला बरं वाटलं असेल.'' बस्स, एवढेच.

माझ्या त्या दोन-तीन मिनिटांमुळे बारा जन्म सिद्ध होत नाहीत, आणि एकही होत नाही. समीक्षक म्हणून मला तो पुरावा वापरताही येणार नाही. पण बहिणाबाईंनी ही गोष्ट मुलासाठीच का राखून ठेवली, हे मला त्या रात्री कळले. ज्याने आपल्याला त्या क्षणी पाहिले, तो त्या अनुभवाचा अर्धा मालक असतो. त्याला सांगणे म्हणजे त्याची ठेव परत करणे.

म्हणून माझे जुने वाक्य मी मागे घेते. पूर्वजन्मांचे अभंग वगळून बहिणाबाईंचे आत्मचरित्र शिकवणे म्हणजे तिला मार पडलेला भाग ठेवून, तिने आपल्या मुखाने आणि आपल्या मर्जीने सांगितलेला भाग काढून टाकणे आहे. विद्यार्थ्यांनी त्यावर विश्वास ठेवावा असा आग्रह नको. पण ही बाई कोणाशी, कधी आणि का बोलते आहे, एवढे तरी त्यांना विचारू द्यावे. वर्गात मी ते विचारू दिले नाही.