पंडिता रमाबाईंची अमेरिका

आमच्या झरी-जामणीकडे कापसाचा पहिला वेचा घरात येण्याच्या सुमारास शाळेत सामान्यज्ञानाच्या परीक्षेची तयारी सुरू होते. पाठ करावयाच्या पुस्तिकेत अमेरिकेच्या वाट्याला दीड पान येते. स्वातंत्र्याचा जाहीरनामा ४ जुलै १७७६, पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन, अध्यक्षाची मुदत ४ वर्षे, राज्ये ५०, सिनेटमध्ये प्रत्येक राज्याचे २ सभासद. गेल्या वर्षी ही सारी उत्तरे खडाखड म्हणून दाखविणाऱ्या, कोलामांच्या पोडावरून येणाऱ्या एका मुलीने मला विचारले, "गुरुजी, कोलंबस तिथं गेला तेव्हा जे लोक आधीच राहत होते, त्यांचं पुढं काय झालं?"

पुस्तिकेत उत्तर नव्हते. माझ्यापाशीही धड नव्हते. तेवढ्यात घंटा झाली आणि मी सुटलो.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढचे जे काही शिकलो, ते वाचनालयाच्या कपाटांपुढे उभ्याने. त्या संध्याकाळी मनाला लागलेली रुखरुख मला पुन्हा अशाच एका कपाटाकडे घेऊन गेली आणि पूर्वी केव्हातरी अर्धवट वाचून ठेवलेला ग्रंथ हाती आला: पंडिता रमाबाईंचा 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त'. डिसेंबर १८८९ मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून तो बाहेर पडला. दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांनी या जुन्या ग्रंथाकडेही एकवार वळावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

रमाबाई अमेरिकेला गेल्या त्या एका समारंभासाठी. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाई जोशी यांना पदवी मिळाली, तेव्हा रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम तेथे हजर राहिल्या. थोडे दिवस राहावयाचे, ते जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. बालोद्यानाची शिक्षणपद्धती शिकल्या, गावोगाव व्याख्याने दिली, बालविधवांच्या शाळेसाठी मदत मिळवली. आनंदीबाई मात्र फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यास निवर्तल्या. रमाबाई परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी, म्हणजे त्या पदवीदानाला बरोबर तीन वर्षे होतात त्या दिवशी, मुंबईत त्यांनी शारदासदन उघडले. तो संसार उभा करण्याच्या धांदलीतच त्याच वर्षी हा ग्रंथ लिहून छापला, ही गोष्ट ध्यानात ठेवूनच तो वाचला पाहिजे. फुरसतीच्या प्रवाशाने लिहिलेले हे पुस्तक नव्हे.

ग्रंथाची प्रकरणे आठ. लिव्हरपूलपासूनचा समुद्रप्रवास, अमेरिका खंड, राज्यपद्धती, घरसंसार, शिक्षण, धर्मपंथ आणि परोपकार, स्त्रियांची स्थिती, व्यापारउदीम. इतिहास, राज्यकारभार आणि भूगोल ही आमच्या पुस्तिकेतील तिन्ही अंगे येथे आहेत. मग फरक कोठे? माहितीच म्हणाल, तर ती केव्हाच शिळी झाली. रमाबाई तेथे वावरत होत्या तेव्हा राज्ये ३८ होती. ग्रंथ छापून निघण्याच्या आदल्याच महिन्यात, नोव्हेंबर १८८९ मध्ये, आणखी चार सामील होऊन ती ४२ झाली. अलास्का आणि हवाई १९५९ मध्ये येऊन ५० भरली. तरीही ग्रंथ वाचवतो. कारण पुस्तिका काय आहे तेवढेच सांगते. रमाबाई कोण पाहत आहे तेही सांगतात.

आणि त्या काळी पाहणारे कोण होते? गोऱ्या माणसाने हिंदुस्थानात यावे, आमच्या चालीरीती, देवदेवता, लग्ने पाहावीत आणि आपल्या लोकांना त्याचे वर्णन करून सांगावे, हा शिरस्ता. येथे एका मराठी विधवेने तो उलटा फिरविला. आपल्या जुन्या समजुतीतले पाताळ ते हेच, असे म्हणत ती तेथे उतरते आणि तेथल्या माणसांची घरे, शाळा, देवळे, कायदेमंडळे आपल्या मोजपट्टीने मोजू लागते. माझ्या मते ग्रंथाचे खरे मोल या उलटण्यात आहे.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रकरणात सापडते. कोलंबसाच्या धाडसाचे कौतुक करून रमाबाई थांबत नाहीत. ज्यांनी पाहुण्याचे आतिथ्य केले, त्यांच्याच गळ्यात गुलामगिरी पडली, हे त्या स्पष्ट सांगतात. पुढच्या तीनशे वर्षांतील फसवणुकीबद्दल, आणि गुलामी कायद्याने गेली तरी काळ्या लोकांविषयीची तुच्छता गेली नाही याबद्दलही त्यांनी मुलाहिजा ठेवलेला नाही. पुढची हकीकत मीच जोडून त्या मुलीला सांगितली. रमाबाई तेथे असतानाच, १८८७ साली, डॉज कायद्याने जमातींची सामाईक जमीन माणशी तुकड्यांत वाटावयाचे ठरले आणि उरलेली गोऱ्यांना खुली झाली. त्या वर्षी जमातींपाशी सुमारे १३.८ कोटी एकर जमीन होती. १९३४ पर्यंत ती ४.८ कोटी एकरांवर आली. त्या देशाचे सरसकट नागरिकत्व या मूळच्या रहिवाशांना मिळाले ते १९२४ साली.

राज्यपद्धतीचे प्रकरणही त्या काळाच्या प्रकाशात वाचावे. राजा नाही, जन्मसिद्ध सरदार नाहीत, प्रजाच ठराविक मुदतीने आपला मुख्य निवडते, हे १८८९ च्या मराठी वाचकाला सांगणे म्हणजे नुसती माहिती देणे नव्हते. ज्या डिसेंबरात ग्रंथ निघाला, त्याच डिसेंबरात मुंबईला राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले आणि त्यास जी थोडी स्त्रीमंडळी हजर होती, त्यांत रमाबाई होत्या. ज्या देशाने इंग्रजांचे जू झुगारले, त्याचा कारभार कसा चालतो, हे त्या इंग्रजी अमलाखालील वाचकाला सांगत होत्या. तसेच स्त्रियांच्या स्थितीचे. फ्रान्सिस विलर्ड यांच्या मद्यपाननिषेधक स्त्रीसंघाचे काम पाहून त्या भारावल्या. बायकांनी सभा भरवावी, वर्गणी जमवावी, हिशेब ठेवावा, ठराव करावेत, हा देखावा त्यांना नायगाऱ्याच्या धबधब्याहून मोठा वाटला असावा, असे ती पाने वाचताना वाटते. अर्थात त्या स्त्रियांनाही देशभर मताचा हक्क मिळावयास १९२० साल उजाडावे लागले.

आता दोषांकडे. माझ्यासारख्याने एवढ्या थोर स्त्रीच्या ग्रंथात उणे काढावे हे धारिष्ट्यच. परंतु स्तुतीनेच भरलेली टीका वाचकाच्या उपयोगाची नसते. पहिला दोष असा की, शेवटच्या प्रकरणांत आकडे आणि संस्थांची नावे यांची इतकी दाटी होते की, लेखिका दिसेनाशी होते. तेथे हा ग्रंथही आमच्या पुस्तिकेच्या वळणावर जातो. दुसरा दोष मोठा आहे. रमाबाईंचा वावर बहुतांशी सुखवस्तू, सुशिक्षित, परोपकारी गोऱ्या कुटुंबांत झाला. कारखान्यातला मजूर, बोटीतून नुकताच उतरलेला दरिद्री युरोपीय, दक्षिणेतील काळा शेतमजूर यांच्या चुलीपाशी त्या क्वचितच बसतात. शिवाय इंग्रजाला टोमणा मारण्याच्या भरात प्रजासत्ताकाचे चित्र त्या जरा जास्तच उजळ रंगवितात. चूक दिसली की सांगतात, पण लगेच आशेने पुढे जातात.

पण मराठीत ही तऱ्हा त्यांच्या आधीचीच. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. जोतीराव तेथे कधी गेले नव्हते. दोघांनीही अमेरिकेचा आरसा केला. जोतीरावांनी तो आमच्या जातिव्यवस्थेपुढे धरला, रमाबाईंनी आमच्या माजघरापुढे. आरशाचे काच थोडे चढे पुसलेले असले, तरी त्यात आमचे तोंड दिसले ते खोटे नव्हते.

आम्हा वऱ्हाडच्या लोकांना तर अमेरिका या दोघांच्याही आधी भेटली होती, ती कापसाच्या भावात. १८६१ ते १८६५ या काळात तेथे यादवी युद्ध पेटले, मँचेस्टरला जाणारा तिकडचा कापूस अडला आणि इकडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. युद्ध संपले, भाव कोसळला. पुस्तिकेत लिंकनचे नाव आहे. त्या भावाचे नाही. घरी कापसाच्या गाठोड्याशेजारी बसून अभ्यास करणाऱ्या मुलाला हा धागा कोणी दाखवीत नाही. सामान्यज्ञान कोरडे पडते ते असे.

पुढे मी दुसरे प्रकरण वर्गात वाचून दाखविले. जुनी भाषा, लांब वाक्ये. अडेल तेथे समजावून सांगत गेलो. ती मुलगी शेवटपर्यंत गप्प होती. मग म्हणाली, "गुरुजी, आपल्या पोडावर असं पुस्तक आहे का?"

मी सांगितले, कोलामांवर पुस्तके आहेत, परंतु ती बाहेरून पाहावयास आलेल्यांनी लिहिलेली आहेत.

"मग ही बाई पण बाहेरचीच होती की तिथं," ती म्हणाली.

या वाक्यापुढे माझी सारी टीका थिटी आहे. रमाबाई बाहेरच्या होत्या खऱ्या. परंतु ज्यांच्याकडे आजवर इतरांनी पाहिले, त्यांच्यातून उठून त्या पाहावयास गेल्या होत्या. मी तिला एवढेच म्हटले की, तू आमच्याकडे पाहून लिही. आम्ही गावातली माणसे तुला कशी दिसतो ते. ती हसली आणि पुस्तक घरी न्यायला मागितले. ते अजून परत आलेले नाही. वाचनालयाचा दंड मी भरतो आहे. परंतु परत मागण्याचा धीर होत नाही.