‘स्मृतिचित्रां’तील मायबाप

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’विषयी आपल्या मंडळ्यांतून जे बोलले जाते त्याचा एक साचा ठरून गेला आहे. पती आधी प्रकाशात आला, पत्नी मागाहून त्याच्या पावलावर पाऊल टाकीत आली आणि दुभंगलेले घर एक झाले. ख्रिस्ती कुटुंबावरील प्रवचनात हे उदाहरण हमखास येते. ते खोटे आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु ग्रंथ हाती धरून जो सावकाश वाचील त्याला त्यात आणखी काही आढळेल, आणि आमच्या मते आईबापांच्या अधिक उपयोगाचे तेच आहे. श्रद्धा वडिलांकडून मुलांकडे सरळ रेषेत उतरते, या आपल्या गृहीतकाला येथे वारंवार धक्का बसतो.

आरंभच पाहावा. लक्ष्मीबाईंना वडिलांकडून मिळालेला धर्म म्हणजे सोवळे. 1857 च्या धामधुमीत सासऱ्यांना फाशी झाली, त्याचा नानांनी असा धसका घेतला की पुढे बाजारातून आलेले मीठदेखील त्यांच्या घरी धुऊन घेतले जाई. लेखिका हे सांगताना हसते व हसविते. पण बापाचा तिरस्कार करीत नाही. भीतीच्या पोटी जन्मलेला धर्म लेकरांच्या अंगावर कसा पडतो, याचे इतके बोलके चित्र मराठी गद्यात क्वचितच सापडेल. ‘ते त्यांचे सोवळे’ असे म्हणून ख्रिस्ती वाचकाने येथून निसटू नये. मुलाने कोणाच्या संगतीत बसावे, कोणाशी विवाह करावा, उपासनेत कोणते प्रश्न विचारू नयेत, याविषयीचे सोवळे आपल्याही घरांत आहे, आणि त्याच्या मुळाशी पुष्कळदा श्रद्धेपेक्षा धास्तीच असते. इफिसकरांस लिहिताना पौलाने आज्ञा केवळ मुलांना केली नाही, बापांनाही बजावले.

10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंचा 1900 साली, राहुरीस. प्रवचनकार या दोन तारखांमधील काळ एका वाक्यात ओलांडतात. लक्ष्मीबाई तो ओलांडू देत नाहीत. नातलगांच्या आश्रयाला राहिलेली स्त्री, तिच्यापाशी लहानगा दत्तू, लोकांचे टोमणे, पतीविषयी राग आणि ओढ एकाच वेळी. हे सारे त्या मांडतात, आणि टिळकांच्या थोरवीवर कोठेही पांघरूण न घालता मांडतात. प्रभूकरिता घरदार सोडण्याविषयीची वचने आपण नेहमी सोडणाऱ्याच्या बाजूने वाचतो. मागे राहिलेल्यांच्या बाजूनेही ती वाचावी लागतात, हे या प्रकरणांनी आम्हांस शिकविले. बापाला श्रद्धा लाभली त्या वर्षांत मुलाला बाप उणा पडला, ही गोष्ट कोणत्याही धर्मशास्त्रीय विवेचनाने पुसली जात नाही.

मग ठोंबऱ्यांचे प्रकरण. 1907 मध्ये जळगावच्या कविसंमेलनात टिळकांनी त्र्यंबक बापूजी ठोंबरे या पोरसवदा कवीला हेरले आणि पुढे त्याला आपल्या घरी, तेव्हाच्या अहमदनगरला आणले. हेच आपले बालकवी. लक्ष्मीबाईंनी त्याचे हट्ट, रुसवे, आजार हे सारे आईच्या मायेने सोसले. टिळक हे मिशनचे सेवक होते, हे येथे ध्यानात घ्यावे. तो मुलगा ख्रिस्ती झाला नाही, आणि म्हणून त्या घरातील त्याचे स्थान तसूभरही ढळले नाही. ख्रिस्ती मातृत्व म्हणजे काय, यावर एवढे एक प्रकरण आम्हांस पुरेसे वाटते.

9 मे 1919 रोजी टिळक वारले. वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी हव्यात म्हणून देवदत्ताने, म्हणजे त्याच दत्तूने, आईला लिहिते केले. विवाहानंतर पतीपाशी अक्षरे गिरविलेली ही बाई मुलाच्या आग्रहावरून ग्रंथकर्ती झाली. 1934 ते 1937 या काळात चार भाग निघाले. लक्ष्मीबाई 24 फेब्रुवारी 1936 रोजी निवर्तल्या, आणि उरलेले मुलाने सिद्धीस नेले. पुढे 1989 ची संपूर्ण आवृत्ती नातू अशोक यांनी सिद्ध केली. तीमथ्याचा विश्वास आधी आजी लोईस व आई युनीके यांच्या ठायी होता, असे पौल लिहितो. येथे मुलगा व नातू आजीची साक्ष राखतात. मलाखीच्या अखेरीस बापांची अंतःकरणे मुलांकडे वळण्याची गोष्ट आधी येते आणि मुलांची नंतर, हा क्रम आम्हांस अर्थपूर्ण वाटतो.

ग्रंथात एक उणेपणाही आहे. अशा दोन विलक्षण माणसांच्या पोटी जन्मलेल्या मुलाने स्वतः विश्वास कसा धरला, कोठे अडखळला, हे आपल्याला फारसे कळत नाही. कदाचित तोच आईच्या पाठीशी उभा असल्यामुळे संकोचला असावा.

हैदराबादेत हा उणेपणा अधिक जाणवतो. आम्ही राहतो ते हिमायतनगर सातव्या निजामाच्या थोरल्या मुलाच्या नावाचे. बापाने त्याला डावलून नातवाला वारस नेमले, ही जाता जाता एक आठवण. येथील मराठी ख्रिस्ती घरांत आजी मराठी पवित्र शास्त्र वाचते. नातू इंग्रजी शाळेत शिकतो आणि रस्त्यावर तेलुगू व दखनी बोलतो. भाषा गेली तेव्हाच विश्वास गेला, असे त्या आजीला वाटते. तिची व्यथा आम्ही हलकी लेखीत नाही. परंतु शांता गोखले यांनी केलेला ‘स्मृतिचित्रां’चा इंग्रजी अनुवाद 2017 मध्ये प्रसिद्ध झाला आहे, तो नातवाच्या हाती द्यावा, आणि आजीने मराठी प्रत घेऊन शेजारी बसावे. बाप्तिस्म्याचे प्रकरण काढून देण्याची घाई करू नये. नानांच्या धुतलेल्या मिठापासून वाचू द्यावे. तो हसेल, आणि आपल्या घरात असे काय काय धुतले जात होते, हे आजीला विचारील. तिने त्याला खरे उत्तर द्यावे.